चौकोन, प्रश्नचिन्हं आणि ¤ ¥ ची रांग: चिन्हं पुन्हा पुन्हा का बिघडतात आणि कुठे दुरुस्त करायची

₹, °, ✓, →, ™. आपल्या संगणकावर ही चिन्हं झकास दिसतात, फाइल दुसऱ्याकडे गेली की त्यांचे चौकोन होतात. तिकडून फाइल परत येते तेव्हा चौकोनांची प्रश्नचिन्हं झालेली असतात. मग कुणी फॉन्ट टाकायला सांगतं, कुणी ‘यूटीएफ-८ कर’ म्हणतं. दोन्ही करून झालं की काही दिवस बरं चालतं आणि पुढच्या फाइलीला पुन्हा तेच.

हा त्रास सुटत नाही, कारण बिघाड जिथे दिसतो तिथे तो बहुतेक वेळा झालेलाच नसतो. चिन्ह पडद्यावर उमटायच्या आधी तीन गोष्टी घडतात. प्रत्येक चिन्हाला युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांच्या सामायिक यादीत, एक क्रमांक असतो. तो क्रमांक फाइलीत बाइटच्या रूपात लिहिला जातो. हे लिहिण्याची रीत म्हणजे एन्कोडिंग; यूटीएफ-८ ही त्यातलीच एक. शेवटी फॉन्टमधून त्या क्रमांकाचा आकार काढून पडद्यावर मांडला जातो. या तीन टप्प्यांवरचे बिघाड दिसायला वेगवेगळे असतात. त्यामुळे काहीही टाकायच्या, बदलायच्या किंवा सेव्ह करायच्या आधी नक्की काय दिसतंय ते बघा.

रिकामा चौकोन □ दिसला, किंवा आत फुली नाहीतर बारीक आकडे असलेला चौकोन दिसला, तर क्रमांक शाबूत आहे, फक्त फॉन्टकडे आकार नाही. मजकूर सुरक्षित आहे.

काळ्या चौकटीतलं पांढरं प्रश्नचिन्ह � दिसलं, तर प्रोग्रामला बाइट वाचता आले नाहीत आणि त्यानं ‘इथे काहीतरी होतं’ अशी खूण ठेवली. मूळ बाइट फाइलीत अजून असू शकतात. अशा वेळी सेव्ह करू नका. सेव्ह केलं की मूळ बाइट पुसले जाऊन � हीच खूण कायमची लिहिली जाते.

साधं ? दिसलं तर वाईट बातमी. मजकूर कुठेतरी एका तोकड्या एन्कोडिंगमध्ये बदलला गेला, तिथे हे चिन्ह बसेना, म्हणून त्या प्रोग्रामनं ते टाकून देऊन प्रश्नचिन्ह ठेवलं. इथे फॉन्ट आणि एन्कोडिंग दोन्हीचा उपयोग नाही. मूळ फाइल शोधायची.

एका चिन्हाच्या जागी दोन-तीन भलतीच अक्षरं आली, तर बाइट बरोबर आहेत पण चुकीच्या तक्त्यानं (कोणत्या बाइटचं कोणतं अक्षर हे सांगणाऱ्या यादीनं) वाचले गेलेत. हे बहुधा परतवता येतं.

आणि चिन्हाच्या जागी एखादंच साधं, पण निराळं अक्षर दिसत असेल, उदाहरणार्थ बरोबरच्या खुणेऐवजी इंग्रजी ‘पी’, तर तिथे मुळात खूण नव्हतीच. तो फॉन्टचा देखावा होता. त्याबद्दल पुढे.

चौकोन असेल तर

चौकोन निवडून कॉपी करा आणि ब्राउझरच्या शोधपट्टीत पेस्ट करा. तिथे नीट दिसला किंवा शोधल्यावर चिन्हाचं नाव मिळालं, तर विषय फक्त पहिल्या प्रोग्राममधल्या फॉन्टचा आहे. वर्ड हाताशी असेल तर आणखी सोपं: चौकोनाच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट धरून ‘एक्स’ दाबा. चौकोन जाऊन त्याचा क्रमांक दिसतो. पुन्हा तेच दाबलं की चिन्ह परत येतं. क्रमांकाच्या सुरुवातीवरूनच बरंच कळतं. ०९ नं सुरू झाला तर देवनागरी, २१ मध्ये ™ आणि बाण, २२ मध्ये गणिती चिन्हं, २७ मध्ये ✓ आणि तसल्या खुणा. इमोजींचे क्रमांक बहुतेक ‘१एफ’पासून सुरू होतात.

चौकोनाचं नेहमीचं कारण म्हणजे चिन्ह नवं आणि यंत्र जुनं. ₹ हे चिन्ह २०१० साली युनिकोडच्या ६.० आवृत्तीत आलं. त्याआधी बनलेल्या आणि नंतर अपडेट न झालेल्या फॉन्टमध्ये ते असणारच नाही, मग तो फॉन्ट कितीही महागाचा असो. इमोजींचंही तसंच. त्यात सतत भर पडते आणि प्रणाली अपडेट झाली नाही तर नव्या इमोजीचा चौकोनच दिसतो. इथे खरा उपाय प्रणाली अपडेट करणं हा आहे. जमत नसेल तर गूगलचे नोटो फॉन्ट टाका. युनिकोडमधल्या जवळपास सगळ्या लिप्यांसाठी त्यांचा संच फुकट मिळतो, आणि चिन्हांसाठी त्यात वेगळा ‘नोटो सॅन्स सिंबल्स’ आहे.

पण फॉन्ट टाकून तुमचाच पडदा दुरुस्त होतो. फाइल ज्याला पाठवायची त्याच्याकडे तो फॉन्ट नसेल तर तिकडे चौकोन राहणारच. म्हणून बाहेर जाणाऱ्या दस्तऐवजात साधी, जुनी, सर्वत्र असलेली चिन्हं वापरा किंवा पीडीएफ करून त्यात फॉन्ट अंतर्भूत करा. पीडीएफ झाल्यावर वाचकाच्या गुणधर्म खिडकीत फॉन्टची यादी बघायची. फॉन्टच्या नावापुढे अंतर्भूत असल्याची नोंद नसेल तर काम अर्धवट झालंय.

एका जातीच्या चौकोनाला मात्र फॉन्ट अपडेट करून काही होत नाही. युनिकोडनं ६,४०० क्रमांकांचा एक पट्टा खाजगी वापरासाठी मोकळा ठेवलाय. तिथे कुणीही आपल्याला हवं ते चिन्ह बसवावं, मात्र ते इतरांना कळेल अशी अपेक्षा धरू नये. मॅकवर ऑप्शन-शिफ्ट-के दाबून येणारं अ‍ॅपलचं सफरचंद याच पट्ट्यातलं आहे. विंडोजवर त्याचा चौकोन होतो आणि होणारच. संकेतस्थळांवरची मेनूची, शोधाची, टोपलीची चिन्हंही बरेचदा याच पट्ट्यातल्या ‘आयकॉन फॉन्ट’मधून येतात. तो फॉन्ट उतरला नाही, किंवा जाहिराती रोखणाऱ्या एक्स्टेंशननं अडवला, की पानभर चौकोनच चौकोन. आधी ते एक्स्टेंशन बंद करून पान पुन्हा उघडा. वर्डमध्ये ऑल्ट-एक्सनं मिळालेला क्रमांक ‘ई’नं सुरू होत असेल, किंवा ‘एफ०’पासून ‘एफ८’पर्यंतचा असेल, तर खाजगी पट्ट्यातलं चिन्ह समजा. ते कुठे पाठवायच्या भानगडीत न पडता सरळ चित्र वापरा.

¤ आणि ¥ ची रांग

आता सगळ्यात जास्त डोकं खाणारा प्रकार. एक्सेलमध्ये सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली फाइल, उघडली आणि मराठी नावांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’, मग ¤, मग आणखी काहीतरी, पुन्हा तोच ‘ए’, मग ¥, मग काहीतरी, अशी न संपणारी रांग दिसते. कितीही विचित्र दिसली तरी ती शिस्तीत आलेली असते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा तीन बाइटची असते. पहिला बाइट सगळ्यांचा सारखा आणि दुसरा दोनांपैकी एक. विंडोजच्या जुन्या १२५२ या तक्त्यात पहिल्या बाइटच्या घरात तो रेघवाला ‘ए’ बसलाय आणि दुसऱ्याच्या दोन शक्यतांच्या घरांत ¤ आणि ¥. म्हणजे ¤ ¥ ची रांग दिसली की मजकूर देवनागरी आहे, यूटीएफ-८ मध्ये आहे आणि १२५२ म्हणून वाचला गेलाय, हे तिन्ही निदान एका नजरेत होतं.

बाकी चिन्हांचेही असेच ठसे आहेत. अंशाच्या खुणेआधी टोपी घातलेला मोठा ‘ए’ उगवला, तर तेच कारण. गोलसर अवतरणचिन्हाच्या जागी टोपीवाला छोटा ‘ए’, मग €, मग ™ असं त्रिकूट आलं तरी तेच. ₹ चा शेवट वर चढवलेल्या छोट्या ¹ नं होतो. फाइलीच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या रकान्याच्या नावाआधी तीन अनोळखी चिन्हं दिसली तर ती बॉम नावाची खूण आहे, म्हणजे ‘ही फाइल यूटीएफ-८ आहे’ असं सांगणारे तीन बाइट. ती खूण एखाद्या प्रोग्रामनं मजकूर समजून वाचलेली असते.

एक्सेल असं का करतं? सीएसव्ही ही निव्वळ मजकुराची फाइल. आपलं एन्कोडिंग कोणतं हे ती स्वतः सांगत नाही. सुरुवातीला बॉम नसेल तर डबल क्लिकनं उघडताना एक्सेल संगणकाचा जुना ठरलेला तक्ता गृहीत धरतं. म्हणून सीएसव्हीवर डबल क्लिक करायचंच नाही. कोरी वही उघडा, ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या आणि फाइलीचा उगम विचारणाऱ्या यादीत ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा. खालच्या नमुन्यात मराठी नीट दिसलं की मगच पुढे जा.

सेव्ह करताना दुसरा खड्डा आहे. ‘सीएसव्ही (कॉमा डिलिमिटेड)’ निवडलं तर एक्सेल जुन्या तक्त्यातच लिहितं आणि त्या तक्त्यात देवनागरी नसल्यानं प्रत्येक अक्षराचा ? होतो. यादीत ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा वेगळा पर्याय आहे, तो घ्यायचा. एकाच प्रोग्राममध्ये उघडताना ¤ ¥ आणि सेव्ह करताना ? असे दोन अगदी वेगळे बिघाड होतात, आणि लोक दोन्हीला मिळून ‘एक्सेलला मराठी येत नाही’ म्हणतात. येतं. विचारून उघडलं आणि सांगून सेव्ह केलं की काही अडचण नाही.

हेच दुखणं पुन्हा पुन्हा का उठतं ते इथे स्पष्ट दिसतं. ¤ ¥ दिसत असताना कुणीतरी घाईनं ‘यूटीएफ-८ करून टाक’ म्हणत ती फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करतो. आता ती चुकून वाचलेली अक्षरंच खरा मजकूर बनून फाइलीत बसतात. पुढचा माणूस तीच फाइल पुन्हा डबल क्लिकनं उघडतो आणि प्रत्येक चुकीच्या अक्षराची आणखी दोन-तीन होतात. फाइलीचा आकार विनाकारण फुगत चालला असेल तर हेच चाललंय असं समजा. एन्कोडिंग बदलणं आणि एन्कोडिंग ओळखून देणं ही दोन वेगळी कामं आहेत. नोटपॅड++ मध्ये एन्कोडिंग मेनूच्या वरच्या भागातले पर्याय ‘हे बाइट असे वाच’ सांगतात आणि ‘कन्व्हर्ट टू’नं सुरू होणारे पर्याय बाइटच बदलतात. व्हीएस कोडमध्ये तळाच्या पट्टीतल्या एन्कोडिंगच्या नावावर क्लिक केलं की ‘रीओपन’ आणि ‘सेव्ह’ असे दोन सरळ प्रश्न येतात. बिघडलेली फाइल हाती आली की कायम आधी रीओपन. अक्षरं नीट दिसली तरच सेव्ह.

दोनदा गुंडाळलेला मजकूर उलट क्रमानं सोडवता येतो. त्यासाठी पायथॉनमध्ये एफटीएफवाय नावाची लायब्ररी आहे आणि इंग्रजी मजकुरावर ती उत्तम चालते. देवनागरीत मात्र एक मेख आहे. १२५२ च्या तक्त्यात पाच घरं रिकामी आहेत, त्यांना कोणतंच अक्षर दिलेलं नाही. नेमके हलन्ताचे आणि ऱ्हस्व उकाराचे तिसरे बाइट या रिकाम्या घरांत पडतात. ते वाचताना काही प्रोग्राम तिथे अदृश्य नियंत्रक खूण ठेवतात, काही ते गाळून टाकतात, काही चूक दाखवून थांबतात. गाळलं गेलं असेल तर परत आणलेल्या मजकुरात जोडाक्षरं सुटी झालेली आणि उकार उडालेले सापडतात. ‘ठ’ची आणखी वेगळी तऱ्हा. त्याचा तिसरा बाइट १२५२ मध्ये न तुटणाऱ्या जागेचा आहे. मधल्या एखाद्या प्रोग्रामनं जादा जागा साफ केल्या की ‘ठ’ गेलाच. त्यामुळे बिघडलेल्या प्रतीवर मेहनत घेण्यापेक्षा मूळ फाइल मागवायला फोन करणं जास्त शहाणपणाचं. दुरुस्त केलेल्या मजकुरावर विसंबायचंच असेल तर ‘ठ’, उकार आणि जोडाक्षरं असलेले शब्द आधी तपासा.

विंडोजच्या साध्या नोटपॅडनंही बरीच वर्षं या गोंधळात भर घातली. २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून तो नवी फाइल आपणहून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करतो. त्याआधी ‘आन्सी’ हा ठरलेला पर्याय होता, म्हणजे पुन्हा तोच जुना तक्ता. जुन्या संगणकावरून नोटपॅडमधली टिपणं आली असतील तर आधी संशय तिकडे घ्या.

संकेतस्थळ आणि डेटाबेस

पानाच्या कोडमध्ये यूटीएफ-८ लिहिलंय तरी ब्राउझरमध्ये कचरा दिसतो, असं झालं तर सर्व्हर काय सांगतोय ते बघा. सर्व्हरनं पानासोबत पाठवलेल्या माहितीत, म्हणजे हेडरमध्ये, वेगळं एन्कोडिंग असेल तर पानातल्या मेटा टॅगचं काही चालत नाही. हेडरचा शब्द वरचढ असतो. शिवाय तो मेटा टॅग फाइलीच्या पहिल्या १,०२४ बाइटच्या आत हवा. लांबलचक टिपणी किंवा स्क्रिप्ट त्याच्याआधी कोंबलेली असेल तर ब्राउझर तिथवर पोचेलच याची खात्री नाही.

मायएसक्यूएलमध्ये एक जुना घोळ आहे आणि तो अजून भेटतो. त्यात ‘यूटीएफ८’ नावाचं जे एन्कोडिंग होतं ते अक्षरामागे जास्तीत जास्त तीन बाइट ठेवू शकतं. देवनागरी तीन बाइटची, ₹ तीन बाइटचं, ✓ तीन बाइटचं, म्हणून सगळं सुरळीत चाललेलं असतं. मग कुणीतरी चार बाइटचा इमोजी टाकतो आणि एकतर नोंदच नाकारली जाते, नाहीतर सैल सेटिंग असेल तर इमोजीपासून पुढचा सगळा मजकूर कापला जातो. मराठी चालतं, ₹ चालतं आणि इमोजीपाशी वाक्य तुटतं, असं दिसलं की दुसरीकडे शोधूच नका. डेटाबेसमधले तक्ते (टेबल), रकाने आणि डेटाबेसशी होणारी जोडणी या तिन्ही ठिकाणी ‘यूटीएफ८एमबी४’ करा. जोडणी विसरली जाते आणि मग ‘सगळं बदललं तरी तेच’ अशी ओरड होते. ८.० आवृत्तीपासून नवा डेटाबेस आपणहून ‘एमबी४’ घेतो, पण जुने तक्ते जसे होते तसेच राहतात.

बरोबरच्या खुणेचा ‘पी’ होतो

विंगडिंग्ज हा फॉन्ट युनिकोडचा वापर सर्वत्र रुळायच्या आधीचा. त्यात साध्या अक्षरांच्या घरांत चित्रं बसवलीत: ‘जे’च्या घरात हसरा चेहरा, विंगडिंग्ज २ मध्ये मोठ्या ‘पी’च्या घरात बरोबरची खूण. फॉन्ट आहे तोवर खूण दिसते. मजकूर साध्या ईमेलमध्ये गेला किंवा फोनवर उघडला की फॉन्ट गळतो आणि आतलं खरं अक्षर उघडं पडतं. आउटलुक टंकलेल्या हसऱ्या खुणेचं विंगडिंग्जमधल्या ‘जे’त रूपांतर करत असे, त्यामुळे कैक ईमेलांच्या शेवटी विनाकारण एक ‘जे’ लटकलेला दिसायचा. तो काहीतरी संक्षेप असावा असं समजून घेणारे लोकही होते.

उपाय एकच: विंगडिंग्जमधली खूण काढून खरी युनिकोडची ✓ किंवा ✔ टाका. जुन्या देवनागरी फॉन्टांत टाइप केलेल्या मजकुराचीही हीच कथा आहे. फॉन्ट बदलला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, कारण फाइलीत इंग्रजी अक्षरंच आहेत. तिथे एन्कोडिंग बदलत बसू नका. त्या विशिष्ट फॉन्टसाठीचं परिवर्तक लागतं, आणि फॉन्टचं नेमकं नाव माहीत नसेल तर तेही चालत नाही.

दिसतं तेच, पण शोधल्यावर सापडत नाही

हा बिघाड डोळ्यांना दिसत नाही म्हणून उशिरा लक्षात येतो. ‘दुसऱ्या’ मधला ‘ऱ्य’ दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत खालच्या बिंदूचा ‘ऱ’, हलन्त, ‘य’. दुसरीत साधा ‘र’, हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक (अक्षरं जोडणारी अदृश्य खूण) आणि ‘य’. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. शोधताना मात्र दोन वेगळे शब्द. एकाच यादीत दोघांनी वेगवेगळ्या कीबोर्डवर नावं भरली असतील तर गाळणी लावल्यावर निम्मी नावं गायब होतात आणि दोष एक्सेलवर येतो. त्यात ‘ऱ’ स्वतःही दोन रूपांत येतो, एकसंध किंवा ‘र’ आणि नुक्ता (खालचा बिंदू) वेगळे. मॅकच्या जुन्या फाइलप्रणालीत फाइलींची नावं सुटी करूनच साठवली जात, त्यामुळे तिकडून आलेल्या फाइलीचं नाव विंडोजवर टाइप करून शोधलं तर सापडत नाही.

‘ॲ’चंही तसंच. हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीचा मजकूर ‘अ’वर चंद्र ठेवून लिहिलेला आहे. काही फॉन्ट-प्रोग्रामांच्या जोड्यांत ती जोडणी नीट दिसते, काहींत चंद्राखाली ठिपक्यांचं वर्तुळ ◌ येतं. असं वर्तुळ दिसलं की फॉन्टमध्ये आकार आहे, पण ही मात्रा या अक्षराला लावायची असते हे मांडणी करणाऱ्या इंजिनाला मान्य नाही, असा अर्थ घ्या. मात्रा भलतीकडे सरकणं, वेलांटी अक्षरामागे जाणं हाही मांडणीचाच भाग. इनडिझाइनमध्ये असं झालं तर परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडा. फॉन्ट बदलून काही फरक पडणार नाही.

उपाय सांगायचा तर मोठ्या यादीत एकच रूप ठरवून शोधा-बदला चालवा. शून्य रुंदीचा जोडक शोधपेटीत दिसत नाही, म्हणून ज्या शब्दात तो आहे त्यातला ‘र’पासून ‘य’पर्यंतचा तुकडा कॉपी करून शोधपेटीत पेस्ट करा. सरसकट सगळे जोडक उडवू नका; काही अर्धी अक्षरं मुद्दाम सुटी दाखवायला ते लागतात आणि इमोजींमध्येही त्यांचं काम असतं.

न दिसणाऱ्यांत आणखी एक महाभाग: वेबपानावरून कॉपी केलेली न तुटणारी जागा. एक्सेलचं ‘ट्रिम’ सूत्र ती काढत नाही, ते फक्त साधी जागा ओळखतं. ‘सबस्टिट्यूट’मध्ये ‘कॅर(१६०)’ देऊन ती काढावी लागते. सूत्रात आकडे इंग्रजी लिहायचे, हे वेगळं सांगायला नको. गणिती उणे चिन्ह − आणि साधी आडवी रेघ - यांचीही अशीच फसगत होते. पहिलं वापरलं की एक्सेल त्या आकड्याला आकडा मानत नाही.

इमोजींचे तुकडे

कुटुंबाचा एक इमोजी पाठवला आणि समोर तीन-चार सुटे चेहरे पोचले, तर काही बिघडलेलं नाही. ते मुळात सुटेच इमोजी शून्य रुंदीच्या जोडकांनी बांधलेले असतात. ज्या यंत्राला ती बांधणी माहीत नाही ते सुटे दाखवतं. त्वचेचा रंगही तसाच मागे लावलेला वेगळा क्रमांक असतो. जुन्या यंत्रावर चेहऱ्याशेजारी रंगीत चौकोन दिसतो. देशांचे झेंडे दोन-दोन अक्षरांच्या जोडीतून बनतात आणि विंडोजच्या इमोजी फॉन्टमध्ये झेंडेच नसल्यानं तिथे नुसती दोन अक्षरं दिसतात. त्याला तुम्ही काही करू शकत नाही.

❤, ☎, ✔ यांसारखी चिन्हं मात्र दुटप्पी आहेत. एका ठिकाणी काळी-पांढरी, दुसरीकडे रंगीत. क्रमांक एकच असतो. त्यामागे लावलेला अदृश्य ‘व्हेरिएशन सिलेक्टर’ ठरवतो की मजकूर म्हणून दाखवायचं की इमोजी म्हणून. पंधरावा लावला तर साधं, सोळावा लावला तर रंगीत, काहीच लावलं नाही तर ज्याची त्याची मर्जी. अहवालात काळी ✔ हवी असताना फोनवर रंगीत खूण येत असेल, तर तिच्यामागे पंधरावा सिलेक्टर टाका. वेबपानावर तो ‘&#६५०३८;’ असा लिहितात, आकडे अर्थात इंग्रजी. काही ॲप तोही जुमानत नाहीत. मग ✓ वापरा, तिला रंगीत रूपच नाही.

टाइप करताना

विंडोजवर विंडोज की आणि पूर्णविराम दाबलं की इमोजी आणि चिन्हांचा तक्ता उघडतो, मॅकवर कंट्रोल-कमांड-स्पेस. वर्डमध्ये २७१३ लिहून ऑल्ट-एक्स दाबलं की ✓ येते. ऑल्ट धरून आकडे टाइप करायची जुनी पद्धत अजून चालते, पण त्यात एक सापळा आहे. सुरुवातीला शून्य दिलं की विंडोजचा तक्ता वापरला जातो, न दिलं तर डॉसच्या काळातला. म्हणून ऑल्ट-२४८ दिलं तर ° येतं आणि ऑल्ट-०२४८ दिलं तर तिरकी रेघ मारलेला ‘ओ’ येतो. विंडोजच्या तक्त्यात ° हवं असेल तर ०१७६. आकडे उजवीकडच्या आकडेपट्टीवरूनच द्यायचे, वरच्या ओळीतले चालत नाहीत. लॅपटॉपवर आकडेपट्टी नसेल तर या पद्धतीचा नाद सोडा.

एसएमएसमध्ये ₹ किंवा एखादं गोल अवतरणचिन्ह आलं की १६० अक्षरांची मर्यादा ७० वर येते, कारण ती चिन्हं एसएमएसच्या मूळ सात-बिटी संचात नाहीत. एका संदेशाचे दोन झाले असतील तर वर्डमधून कॉपी केलेली अवतरणचिन्हं आधी साधी करा. नावात ठळक-तिरकी ‘फॅन्सी’ अक्षरं वापरणाऱ्यांनाही एक सूचना: ती गणितासाठीची चिन्हं आहेत, शोधात सापडतीलच असं नाही, आणि दृष्टिहीन व्यक्तीचा स्क्रीन रीडर ती एकतर गाळतो नाहीतर एकेका अक्षराचं लांबलचक गणिती नाव वाचत बसतो.

दुसऱ्याची मदत घ्यायची झाली तर

नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. त्यावरून आकार कळतो, बाइट कळत नाहीत. बिघडलेला मजकूर संदेशात पेस्ट करूनही पाठवू नका, वाटेत त्याचं आणखी एक रूपांतर होण्याची शक्यता असते. मूळ फाइल न उघडता झिप करून पाठवा. ती कोणत्या प्रोग्राममधून निघाली, कुणी कशात उघडली आणि चिन्ह शेवटचं नीट कुठे दिसलं होतं, ते सोबत लिहा. आणि फाइल तुमच्याकडे दुसऱ्याकडून आली असेल, तर मध्ये कुणी ती एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली होती का, एवढं आधी विचारून घ्या.